स्नायुबंध आणि अस्थिबंध



आज दोन शब्द समजून घेऊ. एक स्नायुबंध, दुसरा अस्थिबंध. दोन्ही शब्दांत 'बंध' आहे. बंध म्हणजे बांधणारी दोरी. पण दोघांचे काम वेगळे.

अस्थी म्हणजे हाड. अस्थिबंध हाडाला हाड बांधतो. मांडव घालताना आपण बांबूला बांबू सुतळीने आवळतो ना? तसेच. गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यांवर हे बंध असतात.

स्नायू म्हणजे आखडणारे, ओढणारे मांस. स्नायुबंध त्याला हाडाशी जोडतो. यालाच कंडरा म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना मोट आठवत असेल. बैल ओढी, नाडा ताणला जाई, मोट वर येई. स्नायू हा बैल, स्नायुबंध हा नाडा, हाड ही मोट. टाचेच्या वर मागून चाचपून पाहा. जाड दोरी लागते, तो स्नायुबंध.

सुश्रुताच्या जुन्या ग्रंथात मात्र 'स्नायू' म्हणजे मांस नव्हे, बांधणारी दोरी. मांसाला तिथे 'पेशी' म्हटले आहे. जुने पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता हे कशासाठी शिकायचे? बांधावरून येताना पाय मुरगळतो. आपण म्हणतो, "शीर चढली." शिरेत तर रक्त वाहते! बहुधा घोट्याचा अस्थिबंध ताणलेला असतो. पाय चोळू नका, ओढू नका. थंड पट्टी लावा, पाय उंच ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले असेल. दवाखान्यात जा.

सोयाबीन सोंगताना इळा लागतो. जखम लहान दिसते. हळद भरून गप्प बसू नका. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली आहेत. त्यांचे नाडे बोटांपर्यंत येतात. एकेक बोट वाकवून, सरळ करून पाहा. हलत नसेल, तर नाडा तुटला असेल. कातडी मिळून येईल, पण बोट वाकणार नाही. ती टोके डॉक्टरांना शिवावी लागतात. उशीर केला तर टोके आत ओढली जातात, काम अवघड होते. म्हणून त्याच दिवशी जा. बोट हलले, पण जखम खोल असली, तरीही दाखवा.

सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तिथे किंवा दुसरीकडे डॉक्टर 'लिगामेंट' म्हणाले, तर अस्थिबंध समजा. 'टेंडन' म्हणाले, तर स्नायुबंध. आणि तुम्हीही नुसते "शीर चढली" म्हणू नका. कसे लागले, कुठे दुखते, काय हलत नाही, ते नीट सांगा.