शस्त्रक्रियेपूर्वीचे चार शब्द
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वक्त्याने आपल्या दुखण्यांचा पाढा श्रोत्यांपुढे वाचू नये, असा संकेत आहे. आज तो मोडण्याची अनुज्ञा असावी. येत्या आठवड्यात आमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, आणि तिच्या तयारीत आम्ही जे शिकलो, ते आपल्यातील अनेक वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात आम्ही भरती झालो. १९७१ च्या युद्धात विशीतले शिपाई होतो. पहाऱ्यावर अंधारातील हालचाल टिपणाऱ्या या डोळ्यांचा आम्हांस मोठा अभिमान. गेल्या कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर आम्हांस दोन चंद्र दिसले, तेही आम्ही हसण्यावारी नेले. अभिमान मनुष्याला आंधळा करतो, तो असा.

मोतीबिंदू काढणे आज सोपे झाले आहे, हे खरे. पण डोळा देहापासून वेगळा नसतो. मधुमेह, रक्तदाब आणि प्रोस्टेटची वाढ हे आमचे तीन जुने सोबती. पहिल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर २४० निघाली, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. साखर वाढलेली असली की जखम भरण्यास विलंब लागतो, जंतुसंसर्गाचे भयही वाढते. शिवाय मधुमेहाने आतला पडदा बिघडला असेल, तर भिंग बदलूनही दृष्टी पुरती येत नाही. म्हणून पडद्याची तपासणी आधी झाली. तेथे थोडी इजा आढळली, ती आम्ही मान्य केली. दोन महिने पथ्य पाळले, सकाळची फेरी चुकविली नाही. साखर आता १३० च्या आसपास आहे.

खरी चूक पुढेच घडली. “आणखी कोणती औषधे घेता?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा प्रोस्टेटच्या गोळीचे नाव आम्ही संकोचाने गाळले. आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून मेजावर ठेवली आणि म्हणाल्या, “अहो, शत्रूपुढे डगमगला नाहीत, मग डॉक्टरांपुढे कसली लाज?”

ती गोळी टॅमसुलोसिनची होती. तिच्यामुळे बुबुळातील पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. ही गोष्ट २००५ साली वैद्यकीय जगापुढे आली. गोळी आधी बंद केली तरी हा परिणाम राहू शकतो. म्हणून ती आपल्या मनाने बंद करावयाची नाही, केवळ सांगावयाची. ठाऊक असले की शस्त्रवैद्य तशी तयारी ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तेच. “शस्त्रक्रिया आहे” म्हणून त्या परस्पर थांबविणे हृदयाच्या जिवावर बेतू शकते.

पाठीवर स्वस्थ निजता येते का, खोकला आहे का, हेही विचारले जाते. म्हणून आम्ही रोज अर्धा तास उताणे निजण्याची कवायत चालविली आहे. मुले म्हणतात, आजोबा सावधान स्थितीत झोपतात!

एक योगायोग आम्हांस विशेष वाटतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण शिरले, पण डोळ्याने त्यांचा त्रास करून घेतला नाही. हे पाहून हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसविले. आमच्या डोळ्यात बसणाऱ्या भिंगाच्या मुळाशी सैनिकांच्या जखमा आहेत.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळींना एकच विनंती. मुले परगावी, आणि आपण “त्यांना कशाला काळजी” म्हणून दुखणी लपवितो. तसे करू नये. सर्व औषधांची यादी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवावी, आणि तपासणीला घरचे माणूस बरोबर न्यावे.

शस्त्रक्रियेचा निकाल आज आम्ही सांगू शकत नाही. पडद्याला इजा आहे, तेव्हा फार मोठी आशाही धरीत नाही. पुढच्या कोजागरीला एकच चंद्र दिसला, तरी आमचे समाधान होईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.