हवेचा जॅक

नगर शहर सोडून मनमाडच्या रस्त्यास लागलें कीं, थोड्याच वेळांत नागापूर येतें. एके काळचें हें खेडें आतां औद्योगिक वसाहतीच्या नांवानें ओळखलें जातें, आणि कारखान्यांचा माल नेणाऱ्या मालमोटारींची तेथें रात्रंदिवस रीघ असते. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं, जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाच्या गाड्यांचीहि भर पडते. जेथें इतकीं चाकें फिरतात, तेथें टायर बसायचे आणि फुटायचेच. म्हणून अशा रस्त्याच्या कडेला पत्र्याची टपरी, बाहेर टांगलेला जुना टायर आणि आंत धडधडणारा कॉम्प्रेसर हें दृश्य वरचेवर दिसतें.

भरलेल्या मालमोटारीचें चाक काढणें म्हणजे काय, याची कल्पना आरामांत मोटारींतून जाणाऱ्यास सहसा नसते. ज्या आंसावर चार टायर असतात, त्या एका आंसावर २०१८ च्या नियमानुसार साडेअकरा टनांपर्यंत भार देतां येतो. एका बाजूचें चाक उचलावयाचें तर त्यांतील निम्मा, म्हणजे पावणेसहा टन भार जमिनीपासून सोडवावा लागतो. मळसूत्राच्या जॅकानें हें काम होत नाहीं असें नाहीं. पण दांडा फिरवितां फिरवितां माणूस मेटाकुटीस येतो. त्यांतून रात्रीची वेळ, मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर, आणि अंग रस्त्याच्या कडेला आडवें पडलेलें! अशा जागीं जितकीं मिनिटें अधिक, तितका जिवाचा धोका अधिक. हवेच्या जॅकाचें खरें मोल या वांचलेल्या मिनिटांत आहे. श्रम वांचतात ती वेगळीच गोष्ट.

शुद्ध मराठींत या साधनास ‘उत्थापक’ म्हणावें, असें कोणी पंडित सुचवील. पण गाडीखालीं आडवा झालेला माणूस ‘जॅक आण’ असेंच ओरडतो.

हे हवेचे जॅक मुख्यतः दोन जातींचे. पहिला म्हणजे जाड रबराचा फुगा. टायरांत भरावयाची तीच हवा त्यांत सोडली कीं, तो फुगतो आणि गाडी वर उचलतो. त्याचा हिशेब अगदीं सरळ आहे. फुग्याचा व्यास ३० सेंटिमीटर असला, तर त्याचें क्षेत्र सुमारें ७०० चौरस सेंटिमीटर भरतें. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब दिला, तर सुमारें ४९०० किलो भार उचलला जातो. भरल्या गाडीचे पावणेसहा टन येथेंच हुकतात. शिवाय फुगा जसजसा वर चढतो, तसतशी त्याची कड गोल होते, टेकणारें क्षेत्र घटतें आणि उचलहि घटते. तीन फुगे एकावर एक रचलेले पाहून तिप्पट वजन उचलेल असें वाटतें. वाढते ती मात्र केवळ उंची. तरीहि या फुग्याचा एक गुण मोठा आहे. त्याचा तळ रुंद असल्यामुळें काळ्या भुसभुशीत मातींत तो मळसूत्राच्या जॅकाप्रमाणें रुतत नाहीं. हलक्या गाडीस तो उत्तम. उसाच्या गाडीखालीं तो घालणें हें धाडस होय.

दुसऱ्या जातींत हवा आणि तेल एकत्र राबतात. बंदिस्त द्रवास दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकांतील सिद्धांत. त्यावर १७९५ सालीं ब्रामा या इंग्रज कारागिरानें आपलें दाबयंत्र उभारलें. हवेच्या जॅकांत हेंच तत्त्व आहे, फक्त हाताच्या जागीं हवा आली. समजा, हवेचा दट्ट्या ७ सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि त्यानें ढकललेला तेलाचा दट्ट्या १ सेंटिमीटरचा. मग तेलावरचा दाब हवेच्या ४९ पट होतो. हवेचे ७ किलो तेलांत सुमारें ३४० होतात, आणि ८ सेंटिमीटर व्यासाचा खांब त्या बळावर सतरा टन तोलतो. फुकट मात्र कांहींच मिळत नाहीं: प्रत्येक ठोक्यास खांब केसभरच चढतो. म्हणून हा जॅक सारखा टकटकत राहतो.

दोहोंपैकीं कोणताहि जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. तेल दाबलें जात नाहीं, म्हणून नळी निसटली तरी चांगल्या झडपेचा तेलजॅक सहसा एकदम बसत नाहीं. पण वाशर झिजला कीं तो न कळत खालीं सरकतो. दाबलेली हवा तर ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. फुगा फाटला कीं गाडी क्षणांत आदळते. यास्तव आंसाखालीं लोखंडी घोडी लागल्याखेरीज कोणीं डोकें आंत घालूं नये. घोडीची किंमत जॅकाहून किती तरी कमी असते, आणि नेमकी तीच टपरींत नसते!

काम आरंभितांना दुसऱ्या चाकांपुढें व मागें ठोकळे लावावेत. जोडचाक असेल, तर नट सैल करण्यापूर्वीं दोन्ही टायरांतील हवा पूर्ण सोडावी. रिंग तडकलेली असली तर नट सुटतांच ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. कॉम्प्रेसरच्या टांकींत सांचणारें पाणी रोज काढावें, नाहीं तर पत्रा आंतून गंजतो. आणि नवें चाक बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर धांवून नट पुन्हा आवळावे. नागापुराहून उत्तरेस निघालेल्या गाडीचें तेवढें अंतर शिर्डीच्या आसपास पुरें होतें.