अपयश स्वतःकडे, यश सहकाऱ्यांकडे



संध्याकाळी नोकरीवरून परतलेला मुलगा जेवणाच्या पानावर गप्प बसतो, आईने दोनदा विचारल्यावर 'काही नाही' म्हणतो आणि रविवारी दुपारपासूनच सोमवारच्या विचाराने अस्वस्थ होतो, हे चित्र आज अनेक घरांत दिसते. कामाचा ताण हे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु कष्टाने थकलेला माणूस रात्रीच्या झोपेने ताजातवाना होतो. श्रमाचे श्रेय वरिष्ठाने घ्यावे आणि वरिष्ठाच्या चुकीचे खापर त्याच्या माथी फुटावे, असे वारंवार घडले की मात्र तो आतून खचतो.

पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर लुब्ध झालेल्या नार्सिससची कथा ग्रीक पुराणात आहे. त्याच्या नावावरून मानसशास्त्राने आत्ममग्नतेला संज्ञा दिली आणि १९८० साली अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात तिच्या विकृत रूपाचा समावेश झाला. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीची गणना त्याआधी तीन शतके केली होती. अर्थात, प्रत्येक कडक साहेब आत्ममग्न नसतो. कडक अधिकारी काम बिघडल्यावर रागावतो, आत्ममग्न अधिकारी त्याच्या प्रतिमेला धक्का लागल्यावर रागावतो. हा भेद ओळखावा. रोगाचे निदान मात्र वैद्यावर सोपवावे.

अशा वृत्तीची संस्कृती झाली तर काय होते, हे दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीने दाखवून दिले. तेथे कर्मचाऱ्यांची दर सहा महिन्यांनी प्रतवारी लावली जाई आणि तळाशी येणाऱ्यांच्या डोक्यावर नोकरी जाण्याची टांगती तलवार असे. वरिष्ठांच्या बुद्धिमत्तेचा गवगवा मोठा होता, पण शंका विचारणे धोक्याचे झाले होते. शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी महिलेने ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्ष केनेथ ले यांना हिशेबातील गैरप्रकारांविषयी लेखी इशारा दिला. तोवर फार उशीर झाला होता. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो निरपराध कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि अनेकांची निवृत्तीसाठी साठवलेली पुंजीही बुडाली.

याच्या नेमके उलट उदाहरण भारतातच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून झेपावलेले एसएलव्ही-३ हे प्रक्षेपणयान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम होते. पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वीकारली, सहकाऱ्यांवरील विश्वास जाहीरपणे व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला, तेव्हा धवनांनी पत्रकार परिषदेसाठी कलामांना पुढे केले. पुढे राष्ट्रपती झालेले कलाम हा प्रसंग नेतृत्वाचा धडा म्हणून अखेरपर्यंत सांगत राहिले.

प्रत्येकाला धवनांसारखा वरिष्ठ लाभत नाही. अशा वेळी कनिष्ठाने काय करावे? पहिली गोष्ट, तोंडी मिळालेली आज्ञा त्याच दिवशी नम्र शब्दांत लेखी कळवून पक्की करून घ्यावी. उद्या शब्द फिरला तरी कागद फिरत नाही. दुसरी, चारचौघांत वाद न घालता एकांतात बोलावे. वरिष्ठाच्या स्वभावावर टीका न करता तारीख, आकडे आणि काम एवढ्यावरच बोलावे. तिसरी, सहकाऱ्यांशी संबंध जपावेत, कारण एकट्या पडलेल्या माणसावर अन्याय करणे सोपे असते. हे सारे करूनही प्रकृती ढासळू लागली, झोप उडाली, तर दुसरी नोकरी शोधणे हा पळपुटेपणा नव्हे. त्या वेळी कुटुंबीयांनी पगाराचा आकडा पुढे करण्याऐवजी पाठीशी उभे राहावे.

संस्थाचालकांचे कर्तव्य याहून मोठे आहे. बढती देताना विक्रीचे किंवा उत्पादनाचे आकडे पाहिले जातात. त्या अधिकाऱ्याच्या हाताखालून किती माणसे तयार झाली आणि किती सोडून गेली, हेही पाहिले पाहिजे. वाईट बातमी आणणाऱ्याला शिक्षा होणार नाही, ही खात्री शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना वाटली पाहिजे. तक्रार ऐकणारी व्यक्ती तक्रारीच्या विषयाहून वेगळी असली पाहिजे.

आज सोसणारा तरुण उद्या स्वतः वरिष्ठ होतो आणि पुष्कळदा सोसलेलेच पुढच्याला देतो. सासुरवास भोगलेल्या सुनेने सासू झाल्यावर तोच वसा चालवावा, तसे हे आहे. ही साखळी कोणीतरी तोडावी लागते. त्यासाठी फार मोठ्या अधिकारपदाची गरज नाही. ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस काम करतो, त्याने उद्याच्या बैठकीत त्या माणसाचे काम त्याच्या नावानिशी सांगावे. आरंभ तेवढ्यानेही होतो.