शर्यत हवी; महामार्ग नको

(उन्हाळी सुटीच्या प्रारंभी वसई येथे झालेल्या सायकलस्वारांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



सायकलस्वारांच्या मेळाव्यात पत्रकाराचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. पण सायकल आणि वृत्तपत्र यांचे नाते फार जुने आहे. जगातील सर्वांत प्रसिद्ध सायकल शर्यत, ‘तूर द फ्रान्स’, ही मुळात एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली. ‘लोतो’ नावाच्या पॅरिसच्या क्रीडा दैनिकाचा खप प्रतिस्पर्ध्यापुढे वाढत नव्हता. तो वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी आपल्या एका तरुण वार्ताहराची कल्पना उचलली आणि १९०३ च्या जुलैमध्ये सहा टप्प्यांत सुमारे २,४०० किलोमीटरची शर्यत भरवली. साठ जण निघाले, एकवीस पोहोचले. पहिला आलेला मोरिस गारां हा पूर्वी धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. ते दैनिक पिवळ्या कागदावर छापले जाई, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराच्या अंगावर पिवळा सदरा आला. दैनिक पुढे बंद पडले. सदरा अजून आहे. आमच्या व्यवसायाची कमाई म्हणायची ती एवढीच!

ही गोष्ट केवळ गंमत म्हणून सांगितली नाही. युरोपात सायकलीचा मोसम म्हणजे उन्हाळा. इटलीची मोठी शर्यत मे महिन्यात, फ्रान्सची जुलैत. दूरचित्रवाणीवर आपली मुले ते पाहतात आणि त्यांना वाटते की उन्हाळा आला म्हणजे शर्यत आलीच. परंतु आल्प्सच्या पायथ्याचा जुलै आणि विरार फाट्यावरचा मे यांत काही साम्य नाही. आपल्याकडच्या जाणत्या मंडळींनी मुंबई-पुणे शर्यतीची परंपरा उभी केली. बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवणारी ती शर्यत साधारणतः थंडीच्या दिवसांतच होत आली आहे. पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत २०२६ साली झाली, तीही जानेवारीत.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या उत्साही तरुणांनी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शिरसाड ते मनोर आणि परत अशी शर्यत योजली आहे. मार्ग मुंबई-अहमदाबाद महामार्ग, वेळ सकाळी सात. सातचे आठ कसे होतात हे मी गेली तीस वर्षे पाहत आलो आहे. प्रमुख पाहुणे येतात, सत्कार होतात, नारळ फुटतो आणि झेंडा दाखवला जातो तेव्हा ऊन डोक्यावर चढू लागलेले असते. माझा सोळा वर्षांचा पुतण्या या शर्यतीसाठी तयारी करून बसला आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू, नोकरीनिमित्त परगावी असतात. त्यामुळे प्रवेशअर्जावर पालक म्हणून सही मला करायची आहे. तो अर्ज गेले आठ दिवस माझ्या खिशात आहे, कोराच. आज येथे बोलायला उभा राहिलो आहे तो त्यामुळेच, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

उन्हाची गोष्ट मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीस वर्षांपूर्वी, अंगात रग होती तेव्हा, मे महिन्यातल्या एका रविवारी मी सायकलने वज्रेश्वरीला गेलो. जाताना काहीच वाटले नाही. गरम पाण्याची कुंडे पाहिली, गप्पा मारल्या आणि परतायला साडेअकरा झाले. शिरसाडच्या अलीकडे सायकल डावीकडे का जाते आहे ते कळेना. अंगावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजली. घाम थांबला होता आणि मला मूर्खाला वाटले की आता बरे वाटू लागले आहे. रस्त्याकडेला ताडगोळे विकणाऱ्या एका बाईने मला हाताला धरून झाडाखाली बसवले आणि पिण्यासाठी आणलेली आपली कळशी माझ्या डोक्यावर ओतली. नंतर तिनेच सांगितले की मी तिच्याशी भांडत होतो, “बातमी द्यायची आहे, छपाई थांबली आहे” असे म्हणत होतो. त्या दिवशी मला सुटी होती. कळशी रिकामी झाल्यावर ती बाई दुपारभर काय प्यायली, हे विचारायचे मला सुचलेही नाही.

असे का होते? नागपूरचा पारा आपल्यापेक्षा कितीतरी वर जातो, मग वसईत एवढी भीती कशाची, असे काही जण विचारतात. शरीर थंड होते ते घाम निघाल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. समुद्राकाठची दमट हवा घाम वाळू देत नाही. तो नुसता गळत राहतो, पाणी व मीठ दोन्ही जातात आणि आतला ताप तसाच राहतो. अशा वेळी केवळ साधे पाणी भरमसाट पिणेही घातक ठरते, कारण रक्तातील मीठ आणखी पातळ होते. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, ताक, कोकम ही आपल्या घरातली पेये महागड्या पुड्यांपेक्षा कमी नाहीत. उष्णतेशी शरीर जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. वर्षभर वातानुकूलित कचेरीत बसून एका रविवारी महामार्गावर उतरणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. बरोबरचा स्वार असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर त्याला ‘थोडेच राहिले, चल’ म्हणू नये. सावलीत आडवे करावे, अंग ओले करून वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर नुसत्या बसलेल्या माणसांचेही उन्हाने बळी घेतले, हे आपण विसरलेलो नाही.

दुसरी गोष्ट महामार्गाची. हा महामार्ग देशाच्या व्यापाराची धमनी आहे. कंटेनर, टँकर, ट्रेलर रात्रंदिवस धावत असतात. याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात अंत झाला. भक्कम मोटारीची ती गत, तर दहा किलोच्या सायकलीचे काय! फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत पहाटे सायकल चालवणारे अवतार सैनी, संगणक क्षेत्रातील एक मोठे नाव, मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेत गेले. अनुभवी स्वार होते ते, डोक्यावर शिरस्त्राण होते. शर्यतीत स्वाराचे लक्ष पुढच्याच्या चाकावर असते, मागून येणाऱ्या ट्रकवर नसते. पूर्ण मार्ग वाहनांना बंद करता येत नसेल तर त्यावर शर्यत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महामार्ग आपल्यासाठी कोणी बंद करणार नाही, आणि करूही नये.

मग आम्ही घरी बसायचे का, असे तरुण मित्र विचारतील. मुळीच नाही. शिरसाडहून महामार्ग सोडून पारोळ, उसगाववरून वज्रेश्वरीकडे जाणारा रस्ता पाहा. एका बाजूस तुंगारेश्वरची डोंगररांग, पुढे तानसेचे पात्र आणि शेवटी वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी उभारलेले देवीचे मंदिर. पहाटे पावणेसहाला उजाडू लागते. साडेआठच्या आत सर्वांचे परत येणे शक्य आहे. रविवारी पहाटेचे दोन-अडीच तास वाहने अडवण्यास पोलिसांची व ग्रामपंचायतींची परवानगी मागणे हे तेथे अशक्य वाटत नाही. लहान मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी तर किल्ल्यापासून गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशीवरून अर्नाळ्यापर्यंतचा वाड्यांमधला वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. तेथे शर्यत नको. त्या अरुंद वळणांवर समोरून फुलांची पाटी येते, म्हैस येते, रविवारच्या प्रार्थनेला निघालेली वृद्ध मंडळी येतात.

आणि एक चांगली वार्ता. वैतरणा खाडीपलीकडचा मुलूख आजवर आपल्या स्वारांना महामार्गाच्या वळशाशिवाय गाठता येत नसे. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या जलसारला रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून दीड किलोमीटर! पलीकडे उतरले की सफाळे, केळवे, माहीम. दक्षिणेला वसई-भाईंदर बोट त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर व हवामानावर बदलतात. निघण्यापूर्वी विचारून घ्या. आणि हे सगळे बेत पावसाच्या भरवशावर लांबणीवर टाकू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता.

ज्यांना अंतराची हौस आहे त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ हा प्रकार मला शर्यतीहून अधिक भावतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या ठाण्यांवर शिक्के घेत वेळेत पोहोचायचे, वाटेत पंक्चर झाले तर स्वतःच काढायचे. एका मोसमात हे चारही पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. चार वर्षांतून एकदा होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची फेरी २०२३ नंतर २०२७ च्या ऑगस्टमध्ये येते. तिच्यासाठी त्या वर्षीचे चारही ब्रेव्हे लागतात, आणि आदल्या वर्षी जितके लांब अंतर गाठले असेल तितका नोंदणीत अग्रक्रम मिळत आला आहे. वसईचा कोणी तेथे गेला तर त्याची बातमी मी निवृत्तीनंतरही लिहीन.

हे आपल्या माणसांना जमते का? नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेची आडवी शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विशीत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. १५९ दिवस, २९,००० किलोमीटर. अमेरिकेची ती शर्यत तर वाळवंटातून, ऐन उन्हाळ्यात जाते. पण या मंडळींनी उन्हाची तयारी महिनोन्‌महिने केलेली असते आणि मागे पाणी, बर्फ, वैद्य घेऊन मोटार चालत असते. आपल्या पोरांच्या मागे कोण असणार, याचे उत्तर संयोजकांनी अर्जाबरोबर छापावे.

एक राहून गेले. या सभेत सुमारे शंभर सायकली बाहेर लागल्या आहेत. त्यांत चाफा-मोगऱ्याच्या करंड्या कॅरियरला बांधून पहाटे पहिल्या लोकलला स्टेशन गाठणाऱ्या आमच्या वाडीवाल्याची एकही नाही, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नाही. वसईत सायकल त्यांनी टिकवली. त्यांच्या मागच्या चाकाला लाल परावर्तक नाही, पुढे दिवा नाही. शर्यतीच्या पारितोषिकांसाठी जमवलेल्या निधीतून शंभर-दोनशे दिवे आणि परावर्तक घेऊन ते आपण स्टेशनबाहेर बसवून द्यावेत, अशी माझी सूचना आहे. एका सकाळचे काम आहे. पाना-पकड मी घेऊन येतो.

अर्ज अजून खिशात आहे. पुतण्या तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मघापासून माझ्याकडे रागाने पाहतो आहे. मार्ग वज्रेश्वरीचा, प्रारंभ पावणेसहाचा, सत्कार शर्यत संपल्यावर आणि मागे रुग्णवाहिका, एवढे संयोजकांनी आज येथेच मान्य केले, तर मी येथेच सही करून देतो. पेन आणले आहे.