सदाफुली, सोमल आणि कस

कोलकात्याहून बोलतोय. मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. तरी आज रक्ताच्या कर्करोगावर, म्हणजे ल्युकेमियावर बोलणार आहे. कारण इथली मराठी माणसं मला पुन्हा पुन्हा विचारतात, "साहेब, नैसर्गिक औषधानं भागत असेल तर ही केमो कशाला?"

आपल्या दारातली सदाफुली घ्या. बंगाली लोक तिला नयनतारा म्हणतात, इथे गच्चीगच्चीत दिसते. जमैकात लोक तिचा काढा मधुमेहावर प्यायचे. १९५० च्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिची पानं तपासली. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टीन निघालं. लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही दिलं जातं. म्हणजे ज्या केमोला आपण घाबरतो, तिच्यात सदाफुलीच आहे! मग पानं चावून का भागत नाही? पानात ते अगदी नाममात्र असतं, आणि प्रत्येक पानात सारखं नसतं. औषध मात्र मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून द्यायचं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जातो.

सोमलाचंही तेच. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका गावठी औषधातले घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा खरं काम सोमलाचं निघालं. ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारात ते आज मान्य औषध आहे, आपल्या वेल्लोरच्या डॉक्टरांनीही त्यावर मोलाचं काम केलंय. पण त्या एका प्रकारात. आणि तेही हृदयाचा आलेख काढत काढत.

आता 'टॉनिकनं नुकसान तर होणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणारा रक्तक्षय त्यांनी यीस्टच्या अर्कानं बरा करून दाखवला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे बोस्टनला सिडनी फार्बर यांनी त्याच जातीची द्रव्यं ल्युकेमियाच्या मुलांना दिली, तर रोग उलट बळावल्यासारखा दिसला. मग त्यांनी नेमकं विरुद्ध केलं, फॉलिक ॲसिडचं काम अडवणारं अमिनोप्टेरिन दिलं. ते बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी नोंदवलं की १६ पैकी १० मुलं सुधारली, तीही तात्पुरती. सहा मुलांना उपयोग झाला नाही हेही त्याच हिशेबात आहे. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे.

इथल्या बऊबाजारात आपले विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक आहेत. त्यातल्या एकाच्या सात वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया झाला. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर रिपोर्ट चांगला आला, पुढचे टप्पे पार पडले, आता रोजच्या गोळ्या चालू होत्या. तो म्हणाला, "साहेब, आईनं गावाकडून पुड्या पाठवल्यात. पोरगं ठणठणीत आहे, गोळ्या बंद करू का?"

मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक सोनं म्हणतंय म्हणून तुम्ही कस न लावता घेता का?"

"नाही."

"मग ही पुडी किती मुलांना दिली? पाच वर्षांनी त्यातली किती आहेत?"

"एक बाई बरी झाली म्हणतात."

"ती केमो घेत होती का?"

ते त्याला माहीत नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखाली रोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या तरी अंगात कोट्यवधी उरलेल्या असू शकतात. म्हणून या प्रकारात उपचार दोन-तीन वर्षं चालतो. इलाखा शांत दिसला म्हणून गस्त उठवत नाहीत. जिथे उपचार पूर्ण होतात, तिथे दहातली आठ-नऊ मुलं आज बरी होतात. ही शक्यता अनामिक पुडीवर लावायची का, एवढाच प्रश्न आहे.

गोळ्यांसोबत पुडी दिली तर? काही भस्मांत शिसं, पारा सापडलाय. यकृताचा रिपोर्ट बिघडला की डॉक्टर गोळ्यांची मात्रा कमी करतात किंवा थांबवतात. कारण पुडी आहे हे त्यांना कळतच नाही, आणि मुलाचा उपचार तेवढा बुडतो. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्च्या गव्हांकुरांचा रसही नको, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आजीवर मात्र डाफरू नका. तिचा जीव तुटतो म्हणून ती पाठवते. तिला काम द्या: ताजा मऊ भात, वरण, उकळून गार केलेलं पाणी. गोळ्यांची वेळ वहीत लिहायला तिलाच बसवा.

आणि कर्करोग हमखास बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे दुकानदाराला विचारून बघा. पुडी घरात आलीच असेल तर पुढच्या तपासणीला ती पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. तिच्यावर नाव नसेल तर 'नाव नाही' असंच सांगा.