ट्रॅक्टर पाणी पितोय? मग आजच थांबवा!

(कळंब तालुक्यातील बचत गटांच्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले मनोगत)



आज मी बचत, हप्ता, व्याज यावर बोलणार नाही. ट्रॅक्टरच्या हेड गॅस्केटवर बोलणार आहे. हसू नका! आपल्या काही गटांनी भाड्यानं द्यायला जुने ट्रॅक्टर घेतलेत. मालकीण आपण, पण बॉनेट उघडलं की आपणच दोन पावलं मागं सरतो. मीही सरायचे. समाजकार्याच्या पदवीत मला इंजिन कुणी शिकवलं नव्हतं.

आधी माझी चूक सांगते. मागच्या खरिपात वापसा आला, सोयाबीनच्या पेरणीला नंबर लागले होते. एका गटाच्या मावशींचा फोन आला, "ताई, ट्रॅक्टर लई पाणी पितोय. सकाळी भरलं की दुपारी कमी. खाली तर थेंब सांडत नाही." मी म्हणाले, "मावशी, पाणी घालत राहा, पेरणी तेवढी उरकू द्या." भाडं बुडू नये, एवढंच माझ्या डोक्यात. पाचव्या दिवशी इंजिन आतून ठोकायला लागलं. पाणी ऑईलमध्ये गेलं होतं, क्रँकची बेअरिंगं खराब झाली होती. जे काम गॅस्केटवर भागलं असतं, ते पूर्ण इंजिनवर गेलं. दोन हंगामांची कमाई त्यात गेली. मावशी मला एक शब्दही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मग मी मिस्त्रींशेजारी बसून हे समजून घेतलं.

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये गॅस्केट असतं, आपल्या कुकरच्या रिंगसारखं. कुकरची रिंग फक्त वाफ अडवते. हे गॅस्केट मात्र आतल्या जाळाचा दाब, पाणी आणि ऑईल, तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. ते फाटलं की तिघं एकमेकांच्या घरात शिरतात.

ओळखायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी सुरू करायच्या आधी बघा.

एक, रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय, पण बाहेर कुठंच गळत नाही.
दोन, ऑईलची पट्टी काढा. ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं किंवा पातळी वाढलेली दिसली, तर त्यात पाणी आहे.
तीन, थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून ट्रॅक्टर सुरू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर आतला दाब पाण्यात शिरतोय.

यासोबत गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत असेल तर शंका पक्की. यातलं काहीही दिसलं की ट्रॅक्टर बंद. पेरणी असली तरी बंद. शेजारच्या गटाचा ट्रॅक्टर मागा, नंबर पुढं ढकला. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, वाफेनं तोंड-हात भाजतात.

आता दुरुस्ती. काम मिस्त्रींचं, पण आपल्यातली एक बाई तिथं उभी राहिलीच पाहिजे. चार गोष्टी विचारा.

"हेड सपाट आहे का बघितलं?" सरळ पट्टी आडवी ठेवून बघतात. हेड वाकलं असेल तर लेथवाल्याकडं घासून घ्यावं लागतं, नाहीतर नवं गॅस्केटही लवकर जातं. "हेडला किंवा ब्लॉकला तडा नाही ना? लायनरच्या रबरी रिंगा बघितल्या का?" कारण पाणी तिथूनही ऑईलमध्ये जातं. "नट टॉर्क पान्यानं कसणार ना?" मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, आपल्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या मापानं. अंदाजानं नको. शेवटी, "ऑईल आणि फिल्टर बदलले का, टॅपेट सेट केले का?" काही तास चालवल्यावर नट पुन्हा कसायचे असतील तर ती तारीखही विचारून घ्या.

गॅस्केट उगाच जात नाही, बहुतेक वेळा इंजिन तापून जातं. मळणीचं भुसकट रेडिएटरच्या जाळीत अडकतं, पंख्याचा पट्टा सैल होतो, आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं आत खडे साचतात. म्हणून जाळी रोज साफ करा, कूलंट वापरा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

शेवटचं. बैठकीच्या वहीत एक पान ट्रॅक्टरचं ठेवा. रोज किती पाणी घातलं, ऑईल कसं दिसलं, ते लिहा. प्रत्येक भाड्यातून थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढा. म्हणजे ट्रॅक्टर थांबवायची वेळ आली तर पैशाच्या भीतीनं कुणी "चालू द्या" म्हणणार नाही, मी म्हणाले तसं.

उद्या सकाळी पट्टी स्वतः काढून बघा. हात काळे होतील, होऊ द्या.