परदेशी असलेली आपली माणसे आणि सरकारचा इशारा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला घरच्या उपयोगाचा विषय घ्यावा, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजचा माझा विषय सकृद्दर्शनी परराष्ट्र खात्याचा वाटेल. पण तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. कोणाचा मुलगा दुबईला आहे, कोणाची सून टोरांटोला, कोणाची भाची जर्मनीत शिकते आहे. 'तेथील भारतीयांनी सावध राहावे' अशी बातमी आली, की आपल्या पोटात गोळा येतो. घाईघाईने फोन लावावा, तर तिकडून उत्तर येते, "आई, इथे काही नाही गं. तू उगीच काळजी करतेस." अशा वेळी सरकारचे खरे मानावे, की तिथे राहणाऱ्या आपल्या माणसाचे? आज मी एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहे.

मी स्वतः १९८८ ते १९९६ अशी आठ वर्षे मस्कतला होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि काही तासांत ते शहर त्यांच्या ताब्यात गेले. तेथे आपले सुमारे पावणेदोन लाख लोक होते. पुढे दोनेक महिने एअर इंडियाची विमाने अम्मानहून मुंबईला त्यांना आणीत होती. जवळजवळ पाचशे उड्डाणे झाली. त्याच दिवसांत मस्कतला आम्ही बाजारहाट करीत होतो, मुले शाळेत जात होती, आणि घरची पत्रे मात्र येत, "सगळे सोडून निघून या." सासूबाईंच्या लेखी आखात म्हणजे एकच गाव. वस्तुतः कुवेत आणि मस्कत यांत हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. म्हणजे लांबून पाहणाऱ्याला सगळा प्रदेश एकाच रंगाचा दिसतो. पण कुवेतमधल्या आपल्या माणसांनाही १ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत आमच्याइतकेच सुरक्षित वाटत होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

आता इशारा कसा निघतो ते पाहू. सरकारला एका गल्लीपुरते बोलता येत नाही. संबंध देशाविषयी किंवा प्रांताविषयी बोलावे लागते. शिवाय इशारा दिला नाही आणि काही घडले, तर दोष सरकारच्या माथी येतो. दिला आणि काही घडले नाही, तर कोणी विचारीत नाही. त्यामुळे हात थोडा सैल सुटतो. कधी त्यात दोन सरकारांच्या रुसव्याफुगव्याचाही अंश असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत आणि कॅनडा यांचे संबंध बिघडले, तेव्हा तेथील भारतीयांनी अत्यंत सावध राहावे, असे आपल्या सरकारने कळविले. इकडे आईबापांची झोप उडाली. तिकडे बहुतेक मुले नेहमीप्रमाणे कॉलेजात जात राहिली.

हे झाले इतर देशांबद्दल. आपल्याबद्दल इतर काय लिहितात? अमेरिकेने जानेवारी २०१८ पासून देशांच्या चार पायऱ्या केल्या. पहिलीवर नेहमीची काळजी, चौथीवर 'जाऊच नका'. जून २०२५ मध्ये भारताला दुसऱ्या पायरीवर ठेवून त्यांनी आपल्या नागरिकांना सांगितले, की तेथे एकट्याने प्रवास करू नका, विशेषतः तुम्ही स्त्री असाल तर. आपल्या भिशीत त्यावर केवढा संताप झाला! "आम्ही काय घरात कोंडून बसतो?" असे एकीने विचारले. तिचे बरोबरच होते. परंतु भगिनींनो, जरा शांतपणे विचार करा. कोणत्या गाडीच्या कोणत्या डब्यात चढावे, कोणता रस्ता दिवेलागणीनंतर टाळावा, कोणत्या वेळी रिक्षा न करता भावाला स्टेशनवर बोलवावे, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. इतक्या गोष्टी पाळतो, आणि पाळतो हे विसरतो. मग त्यालाच सुरक्षितता म्हणतो. परक्या बाईजवळ ही शिदोरी नसते. तिला दिलेला सल्ला आपल्याला अपमान वाटला, तरी तो तिच्यासाठी अगदी खोटा नव्हता. आपल्या मुली परदेशी जातात, तेव्हा त्यांचीही पहिल्या वर्षी तीच अवस्था असते.

दुसरे उदाहरण २००२ चे. संसदेवरील हल्ल्यानंतर भारत व पाकिस्तान यांच्या फौजा सीमेवर समोरासमोर उभ्या होत्या. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला, ब्रिटननेही दिला. आपण त्या दिवसांत काय करीत होतो? लोणच्याच्या कैऱ्या आणि शाळेची पुस्तके! युद्ध झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात फौजा मागे घेण्याचे ठरले. आपण निर्धास्त होतो ते बरोबर ठरले खरे, पण आपल्याला काही अधिक ठाऊक होते म्हणून नव्हे. काल काही झाले नाही, म्हणून आजही होणार नाही, एवढाच आपला आधार होता.

हाच आधार २०२२ साली युक्रेनमध्ये तुटला. तेथे भारताचे सुमारे वीस हजार लोक होते. त्यांत बहुसंख्य वैद्यकीचे विद्यार्थी, आणि आपल्या महाराष्ट्रातलेही शेकडो. २३ जानेवारीला अमेरिकेने आपल्या वकिलातीतील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना निघण्यास सांगितले. १२ फेब्रुवारीला डच विमान कंपनीने तेथील उड्डाणे थांबविली. १५ फेब्रुवारीला आपल्या वकिलातीने कळविले, की ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते निघण्याचा विचार करावा.

ही सरकारी भाषा किती मऊ असते पाहा. यजमान देशाला दुखवायचे नसते, घबराट माजवायची नसते. पण हजेरी भरते आहे, परीक्षा जवळ आली आहे, अशा मुलाला आपले राहणे अत्यावश्यकच वाटणार. युक्रेनचे सरकारही 'घाबरू नका' असेच म्हणत होते. तिकिटांचे दर चढले होते. विद्यापीठे घरून वर्ग घेणार की नाही, हे विचारण्यासाठी वकिलातीत इतके फोन येऊ लागले, की २२ फेब्रुवारीला वकिलातीला स्पष्ट लिहावे लागले: विद्यापीठाच्या पत्राची वाट न पाहता निघा. २४ तारखेला पहाटे युद्ध पेटले, आकाश बंद झाले आणि मुलांना आणायला निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

पुढचे आपण सर्वांनी पाहिले. मुले तळघरांत राहिली. कडाक्याच्या थंडीत सीमेपर्यंत चालली. सुमी शहरात अडकलेल्यांनी बर्फ वितळवून पाणी केले. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकाचा एक विद्यार्थी मारला गेला. सरकारने एकंदर सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले, हे कौतुकास्पदच आहे. पण आठ दिवस आधी जे मूल तिकीट काढून निघाले असते, त्याला यातले काहीच भोगावे लागले नसते. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे तेथे राहून जे पाहिले होते, त्यावरून ती बोलत होती. युद्ध मात्र त्यांनी पाहिलेले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. रोजचा धोका, म्हणजे चोरी, वाईट वस्ती, रात्रीचा रस्ता, यांबाबत तिथे राहणाऱ्याचे ऐकावे. त्याला ते आपल्यापेक्षा आणि सरकारपेक्षाही चांगले कळते. पण युद्ध, बंड, विमानतळ बंद पडणे अशा, एकदाच येणाऱ्या धोक्याबाबत त्याच्या रोजच्या अनुभवाचा उपयोग नसतो. तेथे सरकारचा शब्द मानावा. दोन्हींतला फरक ओळखायच्या खुणा आहेत. 'सावध राहा' जाऊन 'निघा' असा शब्द आला काय? इतर देश आपल्या अधिकाऱ्यांची बायकामुले हलवीत आहेत काय? विमान कंपन्या उड्डाणे थांबवीत आहेत काय? यांतल्या दोन गोष्टी दिसल्या, की वाद घालीत बसू नये.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "इथे काही नाही" असे आपले माणूस म्हणते, त्यामागे पुष्कळदा पैसा असतो. २०१४ मध्ये इराकमधील तिक्रित येथे ४६ भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, अडकल्या होत्या. त्यांतल्या अनेकींचे पगार थकले होते आणि घरी कर्जे होती; रिकाम्या हाताने परतायचे कसे, हीच त्यांची चिंता होती. त्या सुखरूप आल्या. परंतु त्याच वर्षी मोसूलमध्ये धरून नेलेले ३९ भारतीय कामगार परतले नाहीत. ते मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये सांगण्यात आले.

तेव्हा आपल्या मुलाला किंवा मुलीला निरोप देतानाच सांगून ठेवा: तुला निघावेसे वाटले, तर वर्ष बुडाले तरी चालेल, तिकिटाचे पैसे आम्ही पाहू, आणि परत आल्यावर कोणी टोमणा मारणार नाही. पोहोचल्याबरोबर वकिलातीत नाव नोंदवायला सांगा. पासपोर्ट स्वतःजवळ, थोडी रोकड आणि पंधरा दिवसांची औषधे नेहमी तयार असावीत. आपणही रोज फोनवर रडून त्यांचे मन कच्चे करू नये. म्हणजे ज्या दिवशी आपण खरोखर "नीघ" म्हणू, त्या दिवशी त्या शब्दाला वजन राहील.

 ज्यांची माणसे दूर आहेत, त्या सर्वांची माणसे सुखरूप राहोत, अशी इच्छा करून मी आपली रजा घेते.